पाणबुड्याच्या टाकीस बूट असावा कीं नसावा ?

मनुष्य हा जमिनीवर राहणारा प्राणी असला तरी पाण्याखालीं काय आहे हें पाहण्याची त्याची उत्कंठा फार जुनी आहे. मोत्यांसाठीं समुद्रांत बुड्या मारणारे लोक प्राचीन काळापासून होते. परंतु छातींत मावेल तेवढ्या एका श्वासावर त्यांचें सारें काम चाले. इ. स. १९४३ मध्यें फ्रान्स देशांत जाक-ईव्ह कूस्तो या आरमारी अधिकाऱ्यानें व एमिल गान्यां या यंत्रज्ञानें मिळून एक झडप सिद्ध केली. पाठीवरील टाकींत दाबून भरलेली हवा पाणबुड्यानें श्वास घेतला कीं यावी, व तो ज्या खोलीवर असेल तेथील पाण्याच्या दाबास अनुरूप अशीच यावी, ही त्या झडपेची करामत होती. युद्धामुळें पेट्रोल मिळेनासें झालें असतां मोटारी जळाऊ वायूवर चालविण्यासाठीं गान्यां यांनीं जी झडप तयार केली होती, तिच्याच धर्तीवर ही नवी झडप घडविली गेली. तेव्हांपासून पाणबुड्या वरून सोडलेल्या नळीच्या बंधनांतून मुक्त झाला, आणि आज आपण ज्यास ‘स्कूबा’ म्हणतों त्या विद्येचा प्रसार जगभर झाला.

आपल्या महाराष्ट्रांतही मालवण व तारकर्ली येथें, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रांत, ही विद्या चांगलीच रुजली आहे. सुट्टींत पुष्कळ कुटुंबें तिकडे जातात, मुलें पाठीला टाकी बांधून मासे व पोंवळीं पाहून येतात, आणि आईबाप होडींत बसून त्यांची वाट पाहतात. म्हणून त्या टाकीविषयींची एक लहानशी गोष्ट विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावी, असा या लेखाचा हेतु आहे.

ती गोष्ट अशी. टाकीच्या तळाशीं पुष्कळदां रबराची किंवा प्लास्टिकची एक जाड वाटी चढविलेली दिसते. पाणबुडे लोक तिला ‘बूट’ म्हणतात. हा बूट घालावा कीं घालूं नये याविषयीं त्यांच्यांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, बूट टाकीचें रक्षण करतो. दुसरा म्हणतो, बूटच टाकीचा घात करतो. वाद क्षुल्लक वाटेल. परंतु दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तें कसें हें समजण्यास पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र या दोहोंचीही थोडी मदत घ्यावी लागते.

प्रथम टाकी म्हणजे काय तें पाहूं. सर्वत्र आढळणारी ॲल्युमिनियमची टाकी घेतली तर तिच्या पोटांत सुमारे ११ लिटर पाणी मावतें. परंतु तिच्यांत हवा दाबून भरतात, आणि तो दाब सुमारे २०७ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरावर २१० किलोग्रॅमांच्या आसपास असतो. मोटारीच्या चाकांतील हवेच्या दाबाशीं तुलना केली तर हा दाब जवळजवळ शंभरपट झाला. आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर दोनशें किलोंहून अधिक भार आंतून सतत रेटीत आहे अशी कल्पना करा, म्हणजे टाकीच्या भिंतीस काय सोसावें लागतें तें ध्यानांत येईल. या दाबानें बाहेरची सुमारे २,२०० लिटर हवा त्या लहानशा टाकींत कोंडली जाते. हवेला वजन नसतें असें ज्यांस वाटतें त्यांनीं हेंही लक्षांत ठेवावें कीं, एवढ्या हवेचें वजन अडीच किलोग्रॅमांहून अधिक भरतें. भरलेली टाकी रिकाम्या टाकीहून तेवढी जड असते.

असा दाब सोसावयाचा तर टाकीचा आकारही त्यास साजेसा हवा. सपाट पत्र्यास आंतून रेटलें तर तो फुगूं पाहतो व कडांशीं त्यावर फार ताण पडतो. गोल घुमटास रेटलें तर तो ताण सर्व बाजूंस सारखा वांटला जातो, म्हणून पातळ असूनही घुमट टिकतो. पोलाद फार बळकट असल्यामुळें पोलादी टाकीची भिंत पातळ ठेवतां येते, आणि म्हणून तिचा तळ बहुधा घुमटासारखा गोल करतात. ॲल्युमिनियम हें त्या मानानें मऊ. त्याच्या टाकीची भिंत जवळजवळ दुप्पट जाड ठेवावी लागते व तळ तर त्याहूनही जाड असतो. या जाडीमुळें तो सपाट ठेवला तरी चालतो.

आतां बूट मुळांत कां निघाला तें सहज समजेल. आपल्या घरीं गोल बुडाची घागर किंवा माठ जमिनीवर उभा राहत नाहीं, म्हणून त्याच्या खालीं आपण चुंबळ किंवा अडणी ठेवतों. गोल तळाच्या पोलादी टाकीस बूट म्हणजे कायमची चिकटलेली चुंबळच होय. ती नसेल तर टाकी उभी राहणारच नाहीं. सपाट तळाच्या ॲल्युमिनियमच्या टाकीस मात्र या कामासाठीं बुटाची गरज नाहीं. ती आपल्या पायांवर उभी राहते.

बुटाचे दुसरेही उपयोग आहेत. टाकी होडीच्या फळीवर, फरशीवर किंवा धक्क्याच्या दगडावर पुन्हां पुन्हां ठेवली जाते. चालण्याच्या काठीचें टोंक झिजूं नये म्हणून आपण तिला शेंबी बसवितों. त्याचप्रमाणें बूट टाकीच्या तळावरील रंगाचें व जस्ताच्या मुलाम्याचें खरचटण्यापासून रक्षण करतो. हा रंग व हा मुलामा केवळ शोभेचा नव्हे. पोलाद आणि खारें पाणी यांच्यामध्यें तीच एक भिंत असते, व ती उडाली कीं गंजास वाट मोकळी झाली. शिवाय टाकी ज्यावर ठेवावयाची तें लांकूड किंवा फरशीही बुटामुळें फुटत नाहीं. कांहीं बूट बाहेरून अष्टकोनी असतात. त्यामुळें आडवी ठेवलेली टाकी हेलकावणाऱ्या होडींत गडगडत नाहीं. बुटाच्या पक्षाचें म्हणणें तें एवढें, आणि तें खरें आहे.

आतां विरुद्ध पक्षाची बाजू. टाकी समुद्रांतून वर आली म्हणजे तिच्या अंगावरचें पाणी निथळून जातें व वारा लागून ती थोड्याच वेळांत सुकते. परंतु बूट व टाकी यांच्यामधील फटींत शिरलेलें पाणी तेथेंच राहतें. समुद्राच्या दर लिटर पाण्यांत सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हें पाणी सावकाश आटतें, क्षार मागें राहतात, त्यांत बारीक वाळूची भर पडते, आणि दुसऱ्या दिवशीं नवें पाणी येऊन तो चिखल पुन्हां भिजतो. ही ओल कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. ज्यास ही गोष्ट खरी वाटत नसेल त्यानें आपल्या घरांतील लोखंडी खुर्ची उलटी करून पाहावी. पायांचें रक्षण व्हावें म्हणून त्यांस रबरी टोप बसविलेले असतात. जेथें फरशी रोज पाण्यानें पुसली जाते तेथील जुन्या खुर्चीचा टोप ओढून काढला तर आंत तांबूस चिखल सांपडतो, आणि पुष्कळदां पायाची कडाच झडून गेलेली असते. वरचा उघडा पाय मात्र अगदीं चांगला असतो!

असें कां व्हावें? हवेंतील प्राणवायूमुळें लोखंड गंजतें असें आपण खालच्या वर्गांत शिकतों. मग जेथें हवा कमी पोंचते त्या बुटाखालच्या जागीं गंज कमी चढावयास हवा. तो उलट अधिक कां चढतो? या प्रश्नाचें उत्तर केंब्रिज येथील रसायनज्ञ यूलिक एव्हन्स यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत एका साध्या प्रयोगानें दाखवून दिलें. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेंत शिक्षकांच्या देखरेखीखालीं सहज करतां येण्यासारखा आहे. लोखंडाचा एक स्वच्छ घांसलेला पत्रा घ्यावा. मिठाच्या पाण्यांत पोटॅशियम फेरिसायनाइड व फिनॉल्फ्थॅलीन हीं दोन द्रव्यें अगदीं थोडीं मिसळून त्या पाण्याचा एक थेंब पत्र्यावर ठेवावा. थोड्या वेळानें थेंबाच्या मध्यभागीं निळा रंग दिसूं लागतो, व कडेस गुलाबी. निळा रंग ही लोखंड विरघळत असल्याची खूण. गुलाबी रंग ही तेथें प्राणवायु खर्च होऊन अल्क तयार होत असल्याची खूण.

याचा अर्थ असा कीं, थेंबाच्या कडेस हवा भरपूर मिळते व मध्यभागीं कमी, आणि या फरकामुळेंच त्या इवल्याशा थेंबांत एक विद्युत्घट तयार होतो. प्राणवायु खर्च होतो कडेस, परंतु लोखंड झिजतें मध्यभागीं, जेथें हवा पोंचत नाहीं तेथें. दोहोंच्या मध्यें तांबूस गंजाचें कडें जमतें. टाकीच्या बुटाखालीं नेमकें हेंच घडतें. बुटाच्या वरच्या कांठाशीं हवा मिळते, खालच्या फटींत मिळत नाहीं. आणि खारें पाणी विजेचें उत्तम वाहक असल्यामुळें हा घट जोरानें चालतो. परिणाम असा कीं, सर्व तळ सारखा न झिजतां कांहीं ठिकाणीं खोल खड्डे पडतात. सारखी झीज बरी. कारण ती दिसते व मोजतां येते. खड्डा मात्र तोंडाशीं लहान व आंत खोल असूं शकतो.

ॲल्युमिनियम गंजत नाहीं म्हणून त्यास बूट घातला तरी चिंता नाहीं, असें कोणी म्हणेल. तेंही पूर्ण खरें नव्हे. ॲल्युमिनियमच्या अंगावर त्याच्याच भस्माचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, व तोच त्याचें कवच होय. हवा मिळत असेपर्यंत हें कवच फाटलें तरी पुन्हां तयार होतें. परंतु जेथें मीठ आहे व हवा नाहीं, तेथें तें फाटतें आणि सांधलें जात नाहीं. मग पांढऱ्या भुकटीचे डाग दिसूं लागतात, व ती भुकटी खरवडली असतां खालीं खड्डे आढळतात.

आतां कोणी विचारील, एवढासा खड्डा पडला म्हणून काय बिघडलें? त्याचें उत्तर टाकीच्या पोटांत आहे. पूर्ण भरलेल्या एका टाकींत जी शक्ति कोंडलेली असते ती हिशेबानें पाहतां एक टन वजनाची मोटार ४० मीटर उंच उचलण्यास पुरेल. भिंत शाबूत आहे तोंवर ही शक्ति शांतपणें, एकेका श्वासाच्या रूपानें, पाणबुड्याची सेवा करते. भिंत दुबळी झाली तर ती एका क्षणांत बाहेर पडते. टाकी फुटण्याचे अपघात क्वचितच होतात, आणि त्यांचीं कारणेंही अनेक असतात : आंत शिरलेली ओल, मानेजवळ गेलेली चीर, न जुळणाऱ्या आट्यांची झडप. बुटाखालचा गंज हें त्यांपैकीं एक कारण आहे. परंतु असे अपघात बहुधा टाकी भरतांनाच घडतात, कारण तेव्हांच दाब चढत असतो. म्हणजे ज्यानें टाकी निष्काळजीपणें वापरली तो पाणबुडा त्या वेळीं दूर असतो, आणि भरण्याच्या यंत्राजवळ उभा असलेला, बहुधा गांवचाच एखादा तरुण, धोक्यांत असतो. बुटाच्या वादांत खरें पणास लागलेलें असतें तें या तरुणाचें आयुष्य, टाकीचा रंग नव्हे.

म्हणूनच अशा टाक्यांची वेळोवेळीं परीक्षा घेतात. अमेरिकेंत दर ५ वर्षांनीं पाण्याच्या दाबाची परीक्षा होते, आणि दर वर्षीं जाणत्या माणसाकडून आंतबाहेर पाहणी करून घेण्याचा प्रघात आहे. दाबाच्या परीक्षेंत टाकी हवेनें न भरतां पाण्यानें भरतात, व नेहमींच्या कामाच्या दाबापेक्षां सुमारे पावणेदोनपट दाब देऊन ती किती फुगते व दाब काढल्यावर पूर्ववत् होते कीं नाहीं तें मोजतात. पाणी कां, हेंही समजून घेण्यासारखें आहे. पाणी दाबलें तरी फारसें आकसत नाहीं, त्यामुळें त्यांत शक्ति कोंडून राहत नाहीं. टाकी परीक्षेंत फुटलीच तर स्फोट न होतां पाणी गळून जातें. परीक्षेची तारीख टाकीच्या खांद्यावर ठोकलेली असते. आपल्या देशांत उच्च दाबाच्या टाक्यांसंबंधींचे नियम ज्या सरकारी संघटनेच्या देखरेखीखालीं येतात, त्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची मुख्य कचेरी आपल्या नागपुरासच आहे. वार्षिक पाहणीच्या वेळीं परीक्षकानें प्रथम बूट काढावा, मगच तळ तपासावा, हा सर्वमान्य नियम होय. बूट न काढतां केलेली पाहणी ही पाहणीच नव्हे.

या वादाचा निवाडा कसा करावा याचा एक धडा आपल्या स्वयंपाकघरांतच उभा आहे. घरगुती गॅसच्या सिलिंडराचा तळही घुमटाकार असतो, आणि तो उभा राहावा म्हणून खालीं लोखंडी कडें जोडलेलें असतें. त्या कड्याकडे नीट पाहिलें तर त्यास भोंकें ठेवलेलीं दिसतील. तीं उगाच ठेवलेलीं नाहींत. पाणी सांचूं नये व वारा खेळावा, म्हणजे तळ गंजणार नाहीं, हा त्यांचा हेतु आहे. ज्यानें तें कडें योजिलें त्यानें आधार व हवा या दोन्ही गोष्टी एकदम साधल्या. पाणबुड्यांच्या चांगल्या बुटांतही हीच युक्ति असते : आंतून उभे कंगोरे, जेणेंकरून बूट टाकीस सर्वत्र चिकटून बसत नाहीं, व तळास भोंकें, जेणेंकरून पाणी निथळून जातें.

तेव्हां माझ्या मतें निर्णय असा : गोल तळाच्या पोलादी टाकीस बूट असावा, परंतु तो कंगोऱ्यांचा व भोंकांचा असावा. सपाट तळाच्या ॲल्युमिनियमच्या टाकीस तो सहसा नसला तरी चालतो. होडीची फळी किंवा तलावाची फरशी राखावयाची असेल तेवढ्यापुरता घालावा. जे लोक पाण्याखालच्या गुहांत शिरतात ते बहुधा बूट वापरीत नाहींत, कारण परतीच्या वाटेसाठीं अंथरलेली दोरी त्याच्या कडेंत अडकण्याचें भय असतें. तें त्यांच्यापुरतें योग्यच आहे. मात्र बूट असो वा नसो, टाकी वापरल्यावर गोड्या पाण्यानें भरपूर धुवावी. आणि बूट असेल तर तो अधूनमधून उतरवून आंतील क्षार व वाळू काढावी, दोन्ही वस्तु पूर्ण सुकल्यावरच पुन्हां चढवावा. घट्ट बसलेला बूट कोमट पाणी ओतल्यानें सैल होतो. तो लोखंडी हत्यारानें उचकटूं नये, कारण त्यानें रंग उडतो. व जाळ लावून तर कधींच सैल करूं नये, कारण उष्णतेनें टाकीच्या धातूचें, विशेषतः ॲल्युमिनियमचें, बळ कमी होतें.

आणखी एक सूचना. बुटामुळें टाकी उभी राहते, म्हणून तिला तशीच उभी सोडून जाण्याचा मोह होतो. टाकीचें वजन १४ किलोंच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतें, आणि सर्वांत नाजुक भाग जी झडप, ती तिच्या माथ्यावर असते. होडीचा एक हेलकावा बसला तर ती टाकी कोणाच्या पायावर किंवा झडपेवर आदळावयास वेळ लागत नाहीं. हातांत धरलेली नसेल तेव्हां टाकी आडवी ठेवावी, नाहींतर बांधून ठेवावी. बूट हा तिचा राखणदार नव्हे.

जे पालक आपल्या मुलांस ही विद्या शिकावयास पाठवितात त्यांनीं संकोच न करतां दोन प्रश्न विचारावे : टाकीच्या खांद्यावर परीक्षेची कोणती तारीख आहे, आणि बूट शेवटीं केव्हां काढला होता? जो आपलें काम नीट करतो त्यास अशा प्रश्नांचा राग येत नाहीं. तो आनंदानें टाकी उलटी करून दाखवितो.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घरची अडचण चारचौघांत उघडी करूं नये, एवढ्यापुरती ती ठीक आहे. परंतु यंत्रांच्या बाबतींत तिच्यावर भिस्त ठेवतां येत नाहीं. तेथें मूठ वरचेवर उघडून पाहावी लागते. विद्यार्थिमित्रांनो, एखाद्या वस्तूवर आपण आवरण घालतों तें तिला जपण्यासाठींच. पण त्या आवरणाखालीं डोकावण्याचें काम आवरण करीत नाहीं, तें आपल्याकडेच राहतें. घरीं गेल्यावर लोखंडी खुर्चीचा एक रबरी टोप काढून पाहा, आंत जें दिसेल तें पुसून कोरडें करा, आणि मगच तो पुन्हां बसवा.